पाऊस ‘नाही’ की ‘माहीत नाही’? स्वयंचलित हवामान केंद्रांची सांकेतिक भाषा

दिल्लीच्या वायव्य टोकाला असलेल्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने २९ मे २०२४ रोजी ५२.९ अंश सेल्सिअस कमाल तापमानाची नोंद केली आणि काही तासांतच हा आकडा जगभर पोहोचला. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदवलेले ५१ अंश हा देशाचा उच्चांक. तो या नोंदीने मोडला असता. त्याच दिवशी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत पारा ४६.८ अंशांवर होता. दुसऱ्या दिवशी नागपूरमधील एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंशांची नोंद दाखवली. भारतीय हवामानशास्त्र विभागाने दोन्ही नोंदींची तपासणी केली. मुंगेशपूरचा संवेदक प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे ३ अंश अधिक दाखवत असल्याचे आढळले. नागपूरच्या नोंदीमागेही संवेदकातील बिघाडच असल्याचे स्पष्ट करण्यात आले.

या प्रकरणात एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. आकडा चुकीचा होता, पण त्याच्या प्रवासात कोठेही चूक झाली नव्हती. यंत्राने मोजले, नोंदवले, पाठवले आणि दुसऱ्या टोकाला तेच वाचले गेले. भूपृष्ठावरील निरीक्षणांच्या आंतरराष्ट्रीय संकेतात ५२.९ अंश कमाल तापमान ‘१०५२९’ असे लिहिले जाते आणि ते पाच अंक उलगडणाऱ्या कोणालाही ५२.९ हेच उत्तर मिळेल. सांकेतिक अहवाल उलगडण्याची विद्या कोठवर साथ देते आणि कोठे थांबते, हे समजून घ्यायचे तर आधी त्या संकेताची रचना पाहावी लागते.

हा संकेत संगणकाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. १८६४ चे कोलकात्याचे विनाशकारी चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाली, तेव्हा निरीक्षणे एकत्र करण्याचे साधन होते तारयंत्र. तारेचे शुल्क शब्दागणिक आकारले जाई आणि पाच अंकांचा गट एक शब्द धरला जाई. साहजिकच हवामानाची निरीक्षणे पाच-पाच अंकांच्या गटांत बसवण्यात आली. दशांशचिन्ह गेले, एकके गेली, जे गृहीत धरता येईल ते सर्व गाळले गेले. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या काटकसरीतून घडलेला पाच अंकांचा साचा मात्र टिकून राहिला. त्याचे प्रचलित नाव ‘सिनॉप’. एकाच क्षणी ठिकठिकाणी घेतलेल्या निरीक्षणांवरून हवेचा नकाशा मांडता यावा, हा त्याचा हेतू.

स्वयंचलित केंद्र म्हणजे माणसाविना चालणारी छोटी वेधशाळा. उंच खांबावर वाऱ्याचा वेग व दिशा मोजणारी उपकरणे, किरणोत्सर्गापासून आडोसा देणाऱ्या कवचात तापमान व आर्द्रतेचे संवेदक, जवळच पर्जन्यमापक, वायुदाबमापक, सौरपट्ट्यावर चालणारी बॅटरी आणि या सर्वांची नोंद ठेवणारा डेटा लॉगर. भारतात अशा केंद्रांची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. इन्सॅट मालिकेतील उपग्रहांनी त्यांचा निरोप वाहण्याचे काम केले. पुढे कल्पना-१ या उपग्रहाचाही त्यासाठी उपयोग झाला. दुर्गम डोंगरात किंवा बेटावर उभे असलेले केंद्र ठरलेल्या क्षणी आपले आकडे आकाशात सोडते आणि ते पुण्यातील भूस्थानकात उतरतात, अशी ही व्यवस्था. मोबाइल जाळ्याचा पर्याय नंतर आला. केंद्राकडून येणारे कच्चे आकडे संगणक तपासतो, त्यांना आंतरराष्ट्रीय संकेताचे रूप देतो आणि नवी दिल्लीच्या दूरसंचार केंद्रामार्फत ते जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यात जातात.

आता एक अहवाल उलगडून पाहू. स्थानकाचा क्रमांक खरा आहे. आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत आणि अहवाल यंत्राने पाठवला असे गृहीत धरले आहे.

१७०३४ ४३०५७ १६/९६ /२४१८ १०२६४ २०२५१ ३००२८ ४००४१ ५२०११ ६०७८४

पहिल्या गटातील १७ ही तारीख आणि ०३ ही जागतिक प्रमाणवेळ. भारतीय घड्याळ साडेपाच तास पुढे असल्याने हे निरीक्षण सकाळी साडेआठचे. शेवटचा ४ सांगतो, की वाऱ्याचा वेग उपकरणाने मोजला असून तो नॉटमध्ये आहे. या जागी १ असता, तर तेच आकडे मीटर प्रति सेकंदात वाचावे लागले असते आणि वारा जवळपास दुप्पट ठरला असता. महिना आणि वर्ष मात्र या गटात नाहीत, अहवालात पुढेही कोठे नाहीत. तार आजच्या आज पोहोचणार असल्याने त्यांची गरजच नव्हती. जुने अहवाल जतन करणाऱ्यांना या काटकसरीची किंमत मोजावी लागते. फाइलवरचे शीर्षक हरवले, की १७ तारीख कोणत्या महिन्याची हे अहवाल स्वतः सांगू शकत नाही.

४३०५७ म्हणजे मुंबईची कुलाबा वेधशाळा. भारताच्या वाट्याला ४२ आणि ४३ ने सुरू होणारे क्रमांक आले आहेत. सफदरजंग ४२१८२, नागपूर ४२८६७, सांताक्रूझ ४३००३, पुणे ४३०६३. शहराचे नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो, ही या पद्धतीची सोय. बॉम्बेची मुंबई झाली, तेव्हा ४३०५७ ला त्याची दखलही घ्यावी लागली नाही.

तिसरा गट, १६/९६, या सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्याकडे पुन्हा वळायचे आहे. तूर्त त्यातील ९६ पाहावे: दृश्यमानता ४ किलोमीटर. हे ९६ किलोमीटर नव्हेत. ९० ते ९९ हे आकडे खास कोष्टकातून वाचायचे असतात. ९० म्हणजे ५० मीटरपेक्षा कमी, ९४ म्हणजे एक किलोमीटर, ९९ म्हणजे ५० किलोमीटर किंवा अधिक. उत्तर भारतातील हिवाळी धुक्याच्या दिवसांत ९० हा आकडा दिसला, की विमानतळ आणि रेल्वे नियंत्रण कक्ष सावध होतात.

चौथ्या गटाच्या आरंभी तिरकी रेघ आहे. तेथे आकाशाचा किती अष्टमांश भाग ढगांनी व्यापला, हे यायला हवे होते. या केंद्राला ते पाहता येत नाही. त्यापुढचे २४ म्हणजे २४० अंश, नैर्ऋत्येकडून किंचित पश्चिमेला कललेला वारा, आणि १८ म्हणजे १८ नॉट, ताशी सुमारे ३३ किलोमीटर. वेगासाठी दोनच घरे असल्याने वारा शंभर नॉट किंवा त्याहून अधिक झाला, की तेथे ९९ लिहून खरा वेग पुढच्या स्वतंत्र गटात देतात. चक्रीवादळाच्या वेळी घाईने ९९ वर थांबणारा वाचक वादळाला आहे त्यापेक्षा सौम्य ठरवून बसतो.

पुढचे गट वाचायला सोपे आहेत, कारण प्रत्येकाचा पहिला अंक त्याची ओळख सांगतो. १ ने सुरू होणारा गट हवेच्या तापमानाचा. दुसरा अंक ० असेल तर शून्याच्या वर, १ असेल तर खाली. १०२६४ म्हणजे २६.४ अंश. लेहच्या हिवाळ्यात ११०८७ दिसले, तर ते उणे ८.७ असते. २०२५१ हा दवबिंदू, २५.१ अंश. दोहोंतील अंतर अवघे १.३ अंश, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता सुमारे ९३ टक्के निघते. ३ चा गट स्थानकाच्या उंचीवरील वायुदाब आणि ४ चा गट सागरसपाटीला आणलेला वायुदाब सांगतो. दाबातील हजाराचा अंक गाळलेला असतो, म्हणून ४००४१ हे १००४.१ हेक्टोपास्कल आणि ४९९८७ आले तर ते ९९८.७. पाचव्या गटातील २ म्हणजे दाब वाढत आहे आणि ०११ म्हणजे तीन तासांत १.१ हेक्टोपास्कलने. ही वाढ पाहून हवामान सुधारत असल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. उष्ण कटिबंधात दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. म्हणूनच आपल्याकडे आदल्या दिवशीच्या त्याच वेळेशी केलेली तुलना अधिक मोलाची मानतात आणि तिच्यासाठी वेगळा गट आहे.

शेवटचा ६०७८४ हा पावसाचा गट: ०७८ मिलिमीटर आणि ४ म्हणजे गेल्या २४ तासांत. हवामान विभागाच्या वर्गवारीत हा ‘मुसळधार’ पाऊस होय. साडेआठ ते साडेआठ असा हा दिवस असल्याने १७ तारखेच्या नावावर नोंदला गेलेला बराचसा पाऊस प्रत्यक्षात १६ तारखेला पडलेला असतो. वर्तमानपत्रातील आकडा आणि घरच्या आठवणीतील दिवस जुळत नाहीत, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

एक सापळा येथे नोंदवायला हवा. अहवालात पुढे ‘३३३’ हा गट आला, की नवा विभाग सुरू होतो आणि ओळखीच्या अंकांचे अर्थ बदलतात. पहिल्या विभागातील १ चा गट त्या क्षणीचे तापमान सांगतो, तर ३३३ नंतरचा १ चा गट कमाल तापमान सांगतो. ३३३ नजरेतून निसटले, तर एकाच अहवालात दोन वेगळी तापमाने असल्याचा भास होतो.

आता तिसऱ्या गटाकडे. १६/९६ मधील पहिला अंक पावसाच्या गटाविषयी बोलतो. १ म्हणजे पावसाचा गट याच विभागात दिलेला आहे. पण तेथे ३ किंवा ४ असते, तेव्हा पावसाचा गट अहवालात नसतोच. आणि दोहोंचे अर्थ मात्र परस्परांपासून फार दूर आहेत. ३ सांगतो: गट गाळला, कारण पाऊस पडला नाही. ४ सांगतो: गट गाळला, कारण मोजमाप उपलब्ध नाही. दोन्ही अहवालांत शेवटचा पावसाचा गट सारखाच अनुपस्थित; फरक फक्त आरंभीच्या एका अंकाचा.

जुन्या तारबाबूंच्या काळात आखलेली ही सोय विलक्षण दूरदृष्टीची म्हणावी लागेल. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत संकेताने भिंत उभी केली आहे. आणि ही भिंत मोडण्याचे काम बहुतेक वेळा संकेत उलगडणारेच करतात. संगणकाला गट सापडला नाही, की तो पावसाच्या रकान्यात ० लिहून मोकळा होतो. ३ आणि ४ मधील भेद तेथेच पुसला जातो. मग महिनाअखेरीस बेरीज होते आणि ज्या केंद्राचा पर्जन्यमापक दहा दिवस बंद होता, ते केंद्र कोरडे ठरते. पुढे त्याच बेरजेवरून सरासरी, सरासरीवरून तूट आणि तुटीवरून टंचाईचा अंदाज बांधला जातो.

दुसरा अंक, येथे ६, निरीक्षक कोण आहे ते सांगतो. १ ते ३ हे अंक माणसाच्या वेधशाळेचे, ४ ते ७ यंत्राचे. येथेही तीच भिंत आहे. ५ म्हणजे स्वयंचलित केंद्र असून नोंद घेण्याजोगे काही घडले नाही. ६ म्हणजे स्वयंचलित केंद्र असून गडगडाट, धुके, पाऊस यांपैकी काय चालू आहे हे त्याला कळण्याची सोय नाही. आपल्या उदाहरणात ७ आणि ८ चे गट, म्हणजे सद्यस्थितीचे आणि ढगांचे, दिसत नाहीत ते यामुळे. २४ तासांत ७८ मिलिमीटर पाऊस झालेल्या ठिकाणी हवामान ‘निरभ्र व शांत’ असल्याचा अर्थ कोणी त्या रिकाम्या जागेवरून काढू नये, म्हणून हा ६ पहारा देतो. आणि केंद्राकडून काहीच आले नाही, तर क्रमांकापुढे ‘निल’ असा शब्द टाकला जातो. तेही उत्तरच आहे. चक्रीवादळाच्या रात्री किनाऱ्यावरची केंद्रे एकामागून एक ‘निल’ होऊ लागली, तर अनुभवी हवामानतज्ज्ञ त्यातून वादळाचा मार्ग ताडू लागतो.

पावसाच्या गटातील अंकांचे कोष्टक मात्र अनेकांना चकवते. ००१ ते ९८८ हे सरळ मिलिमीटर आहेत. ९८९ म्हणजे ९८९ किंवा त्याहून अधिक. पण ९९० म्हणजे मोजता न येण्याइतका नाममात्र शिडकावा आणि ९९१ ते ९९९ म्हणजे ०.१ ते ०.९ मिलिमीटर. कोष्टक न पाहता ६९९०४ उलगडणाऱ्याला २४ तासांत ९९० मिलिमीटरचा प्रलय दिसेल. प्रत्यक्षात जमीनही धड भिजलेली नसते. उलट बाजूने पाहावे तर २६ जुलै २००५ रोजी सुरू होऊन २७ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझ येथे झालेला ९४४ मिलिमीटर पाऊस या संकेतात ६९४४४ असा बसतो. त्याच दिवशी विहार तलावाच्या परिसरात नोंदला गेलेला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस त्यात बसत नाही. १६ जून १९९५ रोजी चेरापुंजीत झालेल्या १५६३ मिलिमीटर पावसालाही या तीन घरांत जागा नाही. मेघालयाचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून हे कोष्टक आखलेले नाही, हे उघड आहे.

विमानतळांची भाषा वेगळी. तेथील नित्य अहवालाला ‘मेटार’ म्हणतात आणि त्यात अंकांच्या जोडीला रोमन अक्षरांची संक्षिप्त रूपे असतात. मुंबई व्हीएबीबी, नागपूर व्हीएएनपी, दिल्ली व्हीआयडीपी. तापमान पूर्णांकात, वारा नॉटमध्ये, दृश्यमानता मीटरमध्ये. ९९९९ म्हणजे दहा किलोमीटर किंवा अधिक. निरीक्षणात मानवी हस्तक्षेप नसेल, तर वेळेनंतर ‘ऑटो’ हा शब्द येतो आणि त्यानंतरचा प्रत्येक शब्द त्याच्या सावलीत वाचायचा असतो.

याचे उत्तम उदाहरण ढगांविषयीच्या दोन संक्षेपांत सापडते. माणसाने आकाश पाहून उड्डाणाच्या दृष्टीने महत्त्वाचे ढग नाहीत असे ठरवले, तर तो ‘एनएससी’ लिहितो. यंत्राला ढग सापडले नाहीत, तर ते ‘एनसीडी’ लिहिते, म्हणजे ‘ढग आढळले नाहीत’. ढगांची उंची मोजणारा सीलोमीटर आपल्या डोक्यावरच्या चिंचोळ्या पट्ट्यातच पाहतो. धावपट्टीच्या पलीकडे उभा असलेला गडगडाटी ढग त्याच्या दृष्टीस पडतोच असे नाही. ‘नाहीत’ आणि ‘आढळले नाहीत’ यांतील हे अंतर वैमानिकाला प्रशिक्षणातच शिकवले जाते. काहीतरी पडते आहे, पण पाऊस की बर्फ हे यंत्राला ठरवता येत नाही, तेव्हा ‘यूपी’ येते; उत्तर प्रदेशाशी त्याचा संबंध नाही, ‘अनोळखी वृष्टी’ असा त्याचा अर्थ. ‘बीकेएन०१५’ म्हणजे १५०० फुटांवर आकाशाचा बराचसा भाग व्यापणारे ढग. त्यापुढे तीन तिरक्या रेघा असतील, तर त्या ढगांत गडगडाटी ढग आहे की नाही हे यंत्र सांगू शकत नाही, असा कबुलीजबाब त्यात असतो. अमेरिकेतील स्वयंचलित केंद्रे तर अहवालाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह जोडून आपल्याला दुरुस्तीची गरज असल्याचे स्वतःच कळवतात. ही पद्धत सर्वत्र असती तर बरे झाले असते.

गेल्या काही दशकांत जागतिक हवामान संघटनेने अंकांच्या गटांऐवजी ‘बफर’ नावाच्या द्विमान संकेताकडे वाटचाल केली. तो डोळ्यांनी वाचण्यासाठी नाहीच. संगणकाने कोष्टके उघडून तो उलगडायचा असतो. तापमान त्यात केल्विनमध्ये जाते. आपल्या उदाहरणातील २६.४ अंश म्हणजे २९९.५५ केल्विन, आणि शंभरपट करून २९९५५ ही संख्या १६ बिटांत बसवली जाते. महिना आणि वर्षही आता अहवालातच असतात. ‘माहीत नाही’ सांगण्याची रीत येथे अधिक काटेकोर आहे: निरीक्षण उपलब्ध नसेल, तर त्याच्या वाट्याचे सर्व बिट १ केले जातात. १६ बिटांत त्याची किंमत ६५५३५ होते. हा नियम ठाऊक नसलेली संगणकप्रणाली ती संख्या शंभराने भागून ६५५.३५ केल्विन, म्हणजे ३८२.२ अंश सेल्सिअस असे तापमान काढते. अशी चूक निदान लपून राहत नाही. रिकाम्या जागी शून्य लिहिणारी चूक अधिक घातक, कारण शून्य मिलिमीटर पाऊस कोणालाही खटकत नाही.

संकेताची मर्यादा याच्या पुढे सुरू होते. पाऊस पडला नाही, मोजता आला नाही, अहवालच आला नाही, या तिन्ही गोष्टी तो वेगवेगळ्या सांगू शकतो. मोजले पण चुकीचे मोजले, हे सांगण्यासाठी त्याच्याकडे गट नाही. तापमानाचा प्रचलित संवेदक म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा विद्युतरोध १०० ओहम असतो आणि दर अंशाला तो ०.३८५ ओहमने वाढतो. साध्या दोन तारांच्या जोडणीत गंजामुळे किंवा सैल सांध्यामुळे एका ओहमची भर पडली, तरी तापमान सुमारे अडीच अंशांनी चढते. चांगल्या केंद्रांत चार तारांची जोडणी वापरून ही चूक टाळतात. पर्जन्यमापकाची कथा आणखी साधी. त्यात छोटे शिंपले भरले की कलंडते आणि प्रत्येक कलंडीला ०.२ किंवा अर्धा मिलिमीटर पाऊस मोजला जातो. वरच्या नरसाळ्यात पाने किंवा पक्ष्याचे घरटे अडकले, तर शिंपले हलत नाही. डेटा लॉगरच्या दृष्टीने उपकरण ठणठणीत असते. तो प्रामाणिकपणे शून्य पाठवतो आणि संकेतात ४ ऐवजी ३ जातो. अतिवृष्टीत शिंपले कलंडत असतानाच वरून पाणी पडत राहते आणि पाऊस कमी मोजला जातो, ही आणखी एक अडचण.

म्हणून अहवाल उलगडल्यानंतर त्याची पारख करावी लागते. आकडा शक्यतेच्या मर्यादेत आहे का, तासाभरात त्याने अवास्तव उडी घेतली का, तासन्‌तास तो एकाच जागी गोठला आहे का आणि शेजारची केंद्रे काय म्हणतात, असे प्रश्न संगणक विचारतो. मुंगेशपूरची नोंद संशयास्पद ठरली ती शेजाऱ्यांमुळेच. परंतु शेजाऱ्यांची साक्षही डोळे मिटून मानता येत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदले गेले, तेव्हा वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. केवळ शेजारच्या केंद्राशी तुलना करणाऱ्या प्रणालीने सांताक्रूझचा आकडा बिघाड समजून बाजूला ठेवला असता, आणि तो तर खरा होता. त्या दिवसानंतर मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले, यामागेही हाच धडा होता: दोन केंद्रांमध्ये कोण खरे, हे ठरवायला तिसरे केंद्र लागते.

हा सारा विषय हवामानतज्ज्ञांच्या कक्षापुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित केंद्रे उभी आहेत; राष्ट्रीय पातळीवर तालुका आणि ग्रामपंचायतींपर्यंत असे जाळे विणण्याचा ‘विंड्स’ हा कार्यक्रम २०२३ मध्ये हाती घेण्यात आला. त्यांचे आकडे प्रत्येक वेळी सिनॉपच्या साच्यातून जात नाहीत, पण प्रश्न तोच आहे. राज्यात मंडळाच्या केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, की ती अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांचा मार्ग मोकळा होतो. नरसाळ्यातील चार पानांमुळे केंद्राने ६१ दाखवले, तर शिवारात गुडघाभर पाणी असूनही मंडळ यादीबाहेर राहू शकते.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत तर सगळा हिशेबच अशा आकड्यांवर चालतो. केळीसारख्या पिकाला ठरावीक कालावधीत किमान तापमान विशिष्ट अंशांखाली सलग काही दिवस राहिले, तर भरपाई देय होते. यात ‘सलग’ हा शब्द निर्णायक. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी पारा मर्यादेखाली आहे, मधल्या दिवशी बॅटरी उतरल्याने केंद्र मुके राहिले, तर काय धरायचे? रिकाम्या जागी शून्य भरणाऱ्या प्रणालीला जळगावच्या केळीबागेत शून्य अंश तापमान दिसेल. रिकाम्या दिवशी थंडी नव्हती असे धरणारी प्रणाली साखळी तोडेल आणि शेतकऱ्याचा दावा अपात्र ठरेल. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. अशा वेळी मधल्या दिवसाचा आकडा योजनेच्या अधिसूचनेत नमूद केलेल्या पर्यायी संदर्भ केंद्राकडून घ्यावा लागतो, आणि तो घ्यायचा तर मूळ केंद्राच्या रकान्यात त्या दिवसापुढे ‘नोंद नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असावे लागते.